वाळूच्या कुंडीतले वाटाणे

काचेच्या घंटेला कपाळ टेकवून आत बघा. १८५८ सालचा उन्हाळा आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये, हर्टफर्डशायरमधल्या रॉथमस्टेडच्या शेतावर उभे आहात. घंटेखाली कुंडी, कुंडीत वाटाण्याचं रोप. घंटेची कड पाऱ्याच्या चरात बुडवलेली, म्हणजे बाहेरची हवा चुकूनही आत जायला नको. जी हवा आत सोडायची ती आधी गंधकाम्लातून धुऊन घेतलेली, कारण हवेतला अमोनियाचा बारीकसा अंशही हिशेब बिघडवू शकतो. आणि कुंडीतली माती भट्टीत लाल होईपर्यंत भाजलेली. तिच्यात नत्राचा मागमूस उरलेला नाही.

हा सगळा खटाटोप एव्हन प्यू या तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचा. रॉथमस्टेडचे मालक जॉन लॉज आणि त्यांचे सहकारी जोसेफ गिल्बर्ट यांनी त्याच्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर काढायची जबाबदारी टाकली आहे: वनस्पती हवेतला नत्र घेते की नाही? हवेत तो जवळजवळ ७८ टक्के आहे. पिकाला सगळ्यात जास्त भूक असते ती त्याचीच. हा साठा पिकाला थेट मिळत असेल तर खतासाठी एवढी धडपड कशाला करायची?

प्रश्न हवेतून पडलेला नाही. फ्रान्समध्ये बूसँगो यांनी वीस वर्षांपूर्वी बियाणं आणि पीक दोन्ही तोलून दाखवलं होतं की गहू आणि ओट मातीबाहेरून नत्र मिळवत नाहीत, क्लोव्हर (वाटाण्याच्याच कुळातला चारा) आणि वाटाणा मिळवतात. रॉथमस्टेडच्या स्वतःच्या शेतांतल्या नोंदीही तेच सांगतात. क्लोव्हर कापून नेला, त्याच्याबरोबर भरपूर नत्र शेताबाहेर गेला, तरी त्यानंतरचा गहू जोमदार येतो. कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. तिथल्या शेतकऱ्यालाही लागत नव्हतं. फक्त हे का होतं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

आता प्यूने रोप कापलं, वाळवलं, त्यातला नत्र मोजला. बियाण्यात होता तेवढाच. हवेतून काहीही आलेलं नाही. गव्हात नाही, बार्लीत नाही आणि वाटाण्यातही नाही. कडधान्यांची रोपं नीट वाढली नाहीत, हे या मंडळींनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. पण एवढ्या काटेकोर प्रयोगाला खोटं कोण म्हणणार? पुढची जवळजवळ तीस वर्षं जगभर हाच निकाल मानला गेला.

तुम्हाला काचेवर टकटक करून त्याला सांगावंसं वाटेल की बाबा रे, माती भाजलीस तिथेच सगळं संपलं. नत्राबरोबर तू आणखीही काहीतरी जाळून टाकलंस. पण ते काहीतरी काय, हे समजण्यासाठी लागणारं ज्ञान अजून जन्माला यायचं आहे. आंबण्याच्या क्रियेमागे जिवंत सूक्ष्मजीव असतात, हे पाश्चर यांनी मांडायला सुरुवात केली ती १८५७ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी. प्यू, लॉज आणि गिल्बर्ट यांच्यावर हसणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. त्यांच्या मोजमापात चूक नव्हती. निर्जंतुक मातीत वाढलेला वाटाणा हवेतला नत्र घेत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

आता अठ्ठावीस वर्षं पुढे चला. १८८६ चा उन्हाळा, जर्मनीतला आन्हाल्ट हा छोटा प्रांत, झाले नावाच्या नदीकाठचं बर्नबर्ग गाव. आजूबाजूला साखर बनवण्यासाठी लावलेलं बीट. या बीटशेतीच्या अभ्यासासाठीच इथलं कृषी संशोधन केंद्र चालतं. केंद्राचे प्रमुख हर्मान हेलरीगल चोपन्न वर्षांचे आहेत, त्यांचे सहकारी हर्मान विलफार्ट तेहेतीसचे. तुमच्यासमोर कुंड्यांच्या रांगा आहेत. कुंड्यांत माती नाही, धुतलेली पांढरी वाळू आहे. तिच्यात पालाश, स्फुरद, चुना, मॅग्नेशियम सगळं मोजून घातलं आहे. नत्र मात्र प्रत्येक कुंडीत वेगळा: कुठे अजिबात नाही, कुठे थोडा, कुठे जास्त.

आधी ओट आणि बार्लीच्या रांगेवरून चाला. इथे सगळं शिस्तीत आहे. नत्र नाही त्या कुंडीत बोटभर उंचीची पिवळट काडी. थोडा नत्र, थोडी वाढ. दुप्पट नत्र, जवळपास दुप्पट पीक. ताडून बघितलं तर हिशेब तंतोतंत जुळतो. असा प्रयोग हातून झाला की शास्त्रज्ञाला रात्री शांत झोप लागते.

आता वाटाण्याच्या रांगेत या. इथे कशाचा कशाला मेळ नाही. नत्र अजिबात न घातलेल्या शेजारशेजारच्या दोन कुंड्या बघा. वाळू तीच, बियाणं तेच, पाणी तेच. एकीतलं रोप बियाण्यातली शिदोरी संपल्यावर पिवळं पडून जागच्या जागी थिजलं आहे. दुसरीतलं रोपही काही दिवस तसंच पिवळं होतं. मग एकाएकी पालवीवर हिरवा रंग चढला आणि आता त्याला फुलं येताहेत. त्याच्याइतकं तजेलदार रोप भरपूर नत्र घातलेल्या कुंडीतही नसेल.

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे. दहा कुंड्यांत दहा वेगवेगळे निकाल आले तर कोणीही सरासरी काढेल आणि पुढे जाईल. किंवा बियाण्याला दोष देईल, वाळू नीट धुतली नाही म्हणेल. हेलरीगल यांनी तसं केलं नाही. ओटची रांग इतकी शिस्तीत असताना त्याच हातांनी भरलेल्या वाटाण्याच्या कुंड्या बेशिस्त का वागतात, हाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला. काही कुंड्यांत बाहेरून, योगायोगाने, काहीतरी येऊन पडत असलं पाहिजे. धुळीबरोबर, हवेबरोबर किंवा पाण्याबरोबर. तो योगायोग आपल्या हातात आणायचा, असं त्यांनी ठरवलं.

मग कुंड्या, वाळू, सगळं निर्जंतुक केलं. वाळूच्या तोंडावर निर्जंतुक कापूस पसरला. बीटच्या सुपीक शेतातली चिमूटभर माती पाण्यात ढवळली, निवू दिली, आणि वरचं गढूळ पाणी काही कुंड्यांत ओतलं. त्या पाण्यात नत्र इतका नगण्य की खत म्हणून त्याचा काही उपयोग नाही. पण ते मिळालेल्या कुंड्यांतले वाटाणे सगळेच्या सगळे जोमाने वाढले. न मिळालेल्या कुंड्यांत उपासमार. आणि तेच पाणी आधी उकळून घातलं तर पुन्हा उपासमारच. उकळल्यावर मरतं ते जिवंत असणार, हे उघड होतं.

लुपिन या कडधान्यावर मात्र बीटच्या शेतातल्या मातीचं पाणी चाललं नाही. लुपिन जिथे आधी पिकलं होतं, त्या रेताड जमिनीतल्या मातीचं पाणी लागलं. म्हणजे मातीतला तो जीवही एकच नाही. प्रत्येक पिकाचा आपला आपला आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या.

आता कुंडीतलं हिरवं रोप अलगद उपटा, मुळं पाण्यात खळबळून घ्या. मुळांवर गाठी आहेत. पिवळ्या रोपाची मुळं बघा: स्वच्छ, एकही गाठ नाही. या गाठी काही नव्या नव्हेत. इटलीत माल्पिगी यांनी सतराव्या शतकातच त्यांची चित्रं काढून ठेवली होती. पण कोणी त्यांना रोग म्हणत होतं, कोणी किड्यांनी केलेली सूज, कोणी अन्नाचं कोठार. गाठ असेल तरच वाटाण्याला हवेतला नत्र मिळतो, हे बर्नबर्गच्या या दोघांनी पहिल्यांदा नीट जुळवून दाखवलं.

त्यांना मुळाच्या आत उतरता येत नव्हतं. तुम्हाला येतं, कारण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लागलेले शोध तुमच्याबरोबर आहेत. म्हणून आता त्या गढूळ पाण्याच्या थेंबाबरोबर खाली चला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे व्हा.

वाळूच्या दोन कणांमधल्या पाण्यात तुमच्या अंगाएवढा एक जिवाणू पोहतो आहे. त्याचं नाव रायझोबियम लेग्युमिनोसारम. कित्येक दिवस तो मातीत एकटा, अर्धपोटी जगत होता. आता त्याच्याभोवतीच्या पाण्याला वेगळी चव आली आहे. भुकेल्या वाटाण्याच्या मुळातून फ्लॅव्होनॉइड जातीची द्रव्यं झिरपताहेत. ती जिवाणूच्या आत शिरून एका प्रथिनाला जाऊन भिडतात आणि एरवी गप्प असलेली त्याची काही जनुकं जागी होतात. जिवाणू उत्तर देतो. कायटिनच्या चार-पाच कड्यांची छोटी साखळी आणि तिला जोडलेली स्निग्धाम्लाची शेपटी, असा रेणू तो पाण्यात सोडतो. त्याला नॉड घटक म्हणतात. त्याची रचना १९९० मध्ये फ्रान्समधल्या तुलूजच्या प्रयोगशाळेने उलगडली. लसूणघासाचा जिवाणू त्या साखळीला एका टोकाला सल्फेट जोडतो, वाटाण्याचा जोडत नाही. एवढ्याशा फरकावर मूळ आपला कोण आणि परका कोण ते ओळखतं. लुपिनच्या कुंडीत बीटच्या शेताचं पाणी का चाललं नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

वर बघा. काचेच्या नळीसारखा पारदर्शक, प्रचंड मूलरोम. त्याच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांना तो रेणू टेकला आणि काही मिनिटांतच आतल्या पेशीकेंद्राभोवती कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वरखाली होऊ लागली. किती रेणू लागले? एक अब्जांश मोलर द्रावणसुद्धा पुरतं. आता मूलरोमाचं टोक वळायला लागतं. वळत वळत ते छत्रीच्या मुठीसारखं होतं आणि त्या वाकड्या मुठीत तुमचा जिवाणू अडकतो. तिथेच तो दुभंगतो, पुन्हा दुभंगतो, त्याची छोटी वसाहत होते.

आता रोपाची भिंत त्या जागी मऊ पडते आणि आतल्या बाजूला खोल जाऊ लागते. नीट बघा, जिवाणू भिंत फोडून आत शिरत नाही. रोप स्वतःच आतल्या दिशेने एक नळी बांधत नेतं आणि जिवाणू त्या नळीतून, एकामागोमाग एक, विभागत विभागत पुढे सरकतात. ही संसर्गनळी पाहणारा माणूस बर्नबर्गपासून दूर, इंग्लंडमध्ये कूपर्स हिलला आहे: मार्शल वॉर्ड. हिंदुस्थानात पाठवायचे वनाधिकारी जिथे तयार होत, त्या विद्यालयात तो वनस्पतिशास्त्र शिकवतो. वाकलेल्या मूलरोमातून मुळाच्या आत जाणारा तंतू त्याने १८८७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नेमका टिपला. फक्त तो तंतू त्याला बुरशीचा वाटला. त्याआधी तो सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेऱ्यावर काम करून आला होता. बुरशीचे धागे त्याच्या डोळ्यांत बसलेले होते. भुईमुगाच्या बाबतीत असला धागा त्याला दिसलाच नसता, कारण तिथे जिवाणू बाजूचं मूळ फुटताना पडलेल्या भेगेतून आत जातात.

नळी मूलरोम ओलांडून पेशींच्या पहिल्या थरात, मग दुसऱ्या थरात गेली आहे. आणि ती पोहोचण्याच्या आधीच खोलवरच्या पेशी विभागायला लागल्या आहेत. निरोप पुढे गेला, स्वागताची तयारी सुरू झाली. बाहेरून मुळावर आता बारीक फुगवटा दिसेल. नळीची टोकं या नव्या पेशींत उघडतात आणि जिवाणू पेशीच्या आत उतरतात, पण मोकळे नाही. प्रत्येकाभोवती रोपाने आपल्या पटलाचं वेष्टन घातलं आहे. एकेका पेशीत असे हजारो.

इथे वाटाणा त्यांचं रूपच पालटून टाकतो. जिवाणू फुगतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले होतात, आणि पुन्हा कधीही विभागू शकत नाहीत. जे हवेतला नत्र पकडतील ते मातीत परत जाणार नाहीत. गाठ सडल्यावर मातीत परत जातील ते नळीत मागे राहिलेले त्यांचे भाऊबंद. सोयाबीन एवढं कडक वागत नाही. तिथले जिवाणू बाहेर पडून पुन्हा वाढू शकतात.

आता काम सुरू. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात. ते सोडवायला जर्मनीतच, ओप्पाऊच्या कारखान्यात, १९१३ पासून शेकडो अंश तापमान आणि दोनशे वातावरणांच्या आसपासचा दाब लागणार आहे. इथे मातीच्या तापमानाला, मातीच्या दाबाला, नायट्रोजनेज नावाचं विकर तेच करतं. फुकट नाही. नत्राच्या एका रेणूमागे पेशीला ऊर्जा पुरवणारे निदान सोळा एटीपी रेणू खर्च होतात, आणि तो खर्च पानांत बनलेल्या साखरेतून, मॅलेटच्या रूपाने, रोप भरतं. म्हणून रोप गाठी हव्या तेवढ्या होऊ देत नाही. पुरेशा झाल्या की मुळाकडून शेंड्याकडे आणि शेंड्याकडून मुळाकडे निरोप जातात आणि नवीन गाठी थांबतात. मातीत आयता नत्र भरपूर असेल तर रोप त्यांना जवळही करत नाही.

एक अडचण मात्र मोठी आहे. नायट्रोजनेजला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, आणि जिवाणूला श्वासासाठी तो हवाच. म्हणून गाठीत एक लाल प्रथिन आहे, लेगहिमोग्लोबिन. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं, मोकळा फिरू देत नाही, आणि जिवाणूला लागेल तेवढा नेऊन पोहोचवतं. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचा आहे, हे १९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी दाखवलं. आत तुमच्याभोवती सगळीकडे तोच गुलाबी उजेड असेल.

इथून जाण्याआधी आणखी एक उडी घ्या, चाळीस कोटी वर्षं मागे, स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या गरम झऱ्यांच्या दलदलीत. शेंगा नाहीत, फुलं नाहीत, झाडांना धड मुळंसुद्धा नाहीत. पण गारगोटीत जतन झालेल्या त्या बुटक्या वनस्पतींच्या पेशींत बुरशी झाडासारखी फांद्या पसरून बसलेली दिसते. रोपाला ती स्फुरद पुरवायची. बुरशीला आत घेण्यासाठी रोपांनी जी कॅल्शियमची भाषा आणि जी जनुकं तेव्हा घडवली, त्यातली बरीचशी कडधान्यांनी पुढे जिवाणूंसाठी वापरली. नॉड घटकाची साखळी कायटिनची, म्हणजे बुरशीच्या भिंतीतल्या द्रव्याची, ती याच नात्यामुळे.

आणि परत १८८६. सप्टेंबरमध्ये बर्लिनला निसर्गशास्त्रज्ञांच्या आणि वैद्यांच्या अधिवेशनात हेलरीगल उभे राहतात आणि आपल्या कुंड्यांची हकीकत सांगतात. सविस्तर अहवाल १८८८ मध्ये बीट-साखर उद्योगाच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापला जातो, दोनशेहून अधिक पानांचा. त्याच वर्षी हॉलंडमधल्या डेल्फ्टला, यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यात नोकरीला असलेले बाइयेरिंक गाठीतला जिवाणू पानांच्या अर्काच्या जिलेटिनवर वेगळा वाढवून दाखवतात. रॉथमस्टेडलाही बातमी पोहोचली आहे. लॉज आणि गिल्बर्ट म्हातारे झाले आहेत, प्यू तर १८६४ मध्येच वारला. या दोघांनी १८८८ पासून हेलरीगल यांचे प्रयोग स्वतःच्या हातांनी पुन्हा केले आणि तीस वर्षं सांभाळलेलं आपलं मत बदलल्याचं छापून जाहीर केलं. या मोठेपणाबद्दल मला लॉज-गिल्बर्टांविषयी हेलरीगलइतकाच आदर वाटतो.

आता शेवटचा मुक्काम, तुमचं स्वतःचं शेत किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाचं तरी. या खरिपात सोयाबीन पेरून महिना-सव्वा महिना झाला की एक रोप काढून बघा. हिसका देऊन उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा आणि पाण्यात धुवा. दोन-चार गाठी नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर काम चालू आहे, युरियाचा हात आखडता घ्या. गाठीच नसतील किंवा आतून पांढऱ्या-हिरवट असतील, तर पुढच्या पेरणीला बीजप्रक्रिया चुकवू नका. दहा किलो बियाण्याला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड झालेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. लुपिनची कुंडी आठवा आणि सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला वापरू नका. आणि पाकीट विकत घेताना त्यावरची अंतिम तारीख बघाच, कारण आत जिवंत जिवाणू असले तरच त्याचा उपयोग आहे.